कापसाचे कान

सोमवार, ४ मार्च

कापूस आजही आला नाही! बाबांनी शिट्टी वाजवली. एकदा, दोनदा, मग गाल फुगवून अशी, की समोरच्या घरातले काका बनियनवरच बाहेर आले. आणि आमचे चिरंजीव फाटकापाशी पाठ करून बसलेले. ढिम्म!

सुभेदार गेल्यापासून हे असंच चाललंय. म्हातारं कुत्रं होतं, झोपेतच गेलं, कुणाला त्रास दिला नाही. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघं आणि ही दोघं, असा हिशेब होता. आता तीनच. सुभेदार होता तेव्हा बाबांची एक शिट्टी पुरायची. पुढे काळा सुभेदार आणि त्याच्या शेपटीला चिकटून पांढरा कापूस, दोघंही हजर. बाबा आल्यागेल्याला ऐकवायचे, "शिट्टी एक, कुत्री दोन! याला म्हणतात शिस्त."

आज म्हणाले, "दुःख झालंय त्याला. चार दिवस जाऊ दे."

सोफ्याच्या कोपऱ्यात सुभेदारचे काळे केस अजून सापडतात. झाडत नाही मी ते.

बुधवार, ६ मार्च

दातांच्या लॅबमध्ये दिवसभर कवळ्या. एका आजोबांची वरची कवळी तिसऱ्यांदा परत आली. म्हणे बोलताना शिट्टी वाजते. म्हटलं, आमच्या घरी पाठवा, शिट्टीला मान देणारं आता कुणी उरलं नाहीये!

घरी आले. कुलूप उघडलं, दार ढकललं, पिशवी ठेवली, पंखा लावला — कापूस आतल्या खोलीत गाढ झोपलेला. पूर्वी दोघं दाराशी नाचत असायचे. जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला तर असा दचकला की मीच मागे पडले.

शनिवार, ९ मार्च

बाबांचं दुःखाबद्दलचं मत बदललं. आता तो "उद्धट" आहे. "या कानाने ऐकतो आणि त्या कानाने सोडून देतो. मी चाळीस वर्षं पोरांना पीटी शिकवली, मॅचेसना रेफरी म्हणून उभा राहिलो, मला शिकवू नका उद्धट कोण आणि दुःखी कोण." मी काहीच शिकवत नव्हते. चहा गाळत होते.

रविवार, १० मार्च

व्हायचं ते झालं.

आत्या आली होती. बाबांची थोरली बहीण, एकटी राहते, शिवणकाम करते. बाबा सगळ्या जगाला रांगेत उभं करतात आणि आत्या बाबांना. कापूस सोफ्यावर झोपलेला, तिच्या नेहमीच्या जागी. "ए, उठ!" तिने दोनदा सांगितलं. मग मागून जाऊन त्याचा पट्टा धरला. तो गर्रकन वळला आणि तिच्या हातावर दात!

फार नाही. कातडं जरा सोललं, रक्ताचा थेंब आला. कापूस स्वतःच घाबरून टेबलाखाली शिरला आणि तिथून आत्याकडे इतकं केविलवाणं बघत होता की कोण कुणाला चावलं, तेच कळेना. मी आत्याची जखम साबणाने धुतली, तिला डॉक्टरकडे नेऊन इंजेक्शन देववलं. रस्ताभर ती एक अक्षर बोलली नाही. आत्या बोलत नाही म्हणजे खरंच वाईट वेळ आलीये.

घरी आल्यावर बोलली. "एक तर हा इथे राहील, नाही तर मी येईन."

बाबांनी लाकडाच्या वखारीच्या मालकांना फोन लावला. त्यांना राखणीला कुत्रा हवाच आहे. पुढच्या रविवारी घेऊन जातो म्हणाले.

मी भांडले. बाबा म्हणाले, "चावरं कुत्रं घरात नको. विषय संपला." पण जेवताना त्यांनी अर्धी पोळी टेबलाखाली सोडली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

मंगळवार, १२ मार्च

एक शंका आलीये. लिहायला पण वेडेपणा वाटतो — त्याला ऐकू येतं ना?

सकाळी मिक्सर लावला. तो मिक्सर म्हणजे कानठळ्या! कापूस ओट्याखाली, माझ्या पायाशी, चार पाय वर करून. शेपटीचं टोकसुद्धा हललं नाही. पण मी नुसता बिस्किटांचा डबा उघडला तर उठून बसला. आता डब्याचा आवाज ऐकला की वास आला?

बुधवार, १३ मार्च

प्रयोग पहिला. कापूस खोलीत पाठ करून बसलेला. मी दारातून कुकरचं झाकण जमिनीवर टाकलं. ताडकन उठला! म्हणजे ऐकू येतं. बाबा आतून, "काय पाडलंस?" आत्या त्यांच्याशी फोनवर होती, तिला सगळं कळलं. "बघ! नाटकं आहेत मेल्याची."

पण झोपताना डोक्यात आलं, जमीन हादरली असेल. मी पाय आपटला तरी तळव्यांना कळतंच की.

गुरुवार, १४ मार्च

प्रयोग दुसरा. गादीवर उभी राहून, म्हणजे जमीन हलायला नको, त्याच्या डोक्यामागे टाळी. वळला. अरे देवा! मग लक्षात आलं, इतक्या जवळून टाळी म्हणजे मानेवर वारा लागतो.

प्रयोग तिसरा, लांबून किल्ल्यांचा जुडगा वाजवला. वळला! मी हताश. मग समोर बघितलं तर कपाटाचा आरसा, आणि आरशात मी, किल्ल्या हलवत, वेड्यासारखी. त्याने मला आरशात पाहिलं होतं!

बहिरा असो नसो, माझ्यापेक्षा हुशार नक्की आहे.

प्रयोग चौथा बाबांनी मोडला. आरसा चादरीने झाकताना त्यांनी मला पकडलं. "काय चाललंय?" सांगितलं. ते हसले. "पाच वर्षं माझ्या शिट्टीवर धावणारं कुत्रं बहिरं? काहीतरीच."

आणि खरंच की.

रविवार, १७ मार्च

आजचं सगळं लिहून ठेवायचंय.

वखारवाले त्यांचा टेम्पो घेऊन आले. आत्याही आली होती, हाताला पट्टी, चेहऱ्यावर विजय. मी कापसाची ताटली आणि चादर पिशवीत भरली. भरताना रडले. कापूस व्हरांड्यात उन्हात झोपलेला. बाबा म्हणाले, "राहू दे, शेवटची झोप काढू दे."

वखारवाल्यांनी टेम्पो फाटकाशी लावायला मागे घेतला. मध्ये समोरच्या काकांची स्कूटर. वखारवाल्यांनी हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच! काय तो हॉर्न! जहाजाचा काढून बसवलाय की काय? तारेवरची कबुतरं भर्रकन उडाली, गल्लीतली सगळी कुत्री भुंकायला लागली, आत्याच्या हातातली बशी फुटली.

आणि कापूस झोपलेला.

आम्ही चौघं त्याच्याकडे बघतोय. तो स्वप्नात कुठेतरी पळत होता, पुढचे पाय हलत होते.

बाबा सावकाश गेले, त्याच्या मागे उभे राहिले, वारा लागणार नाही इतकं अंतर ठेवून. खिशातून शिट्टी काढली. फुंकली. माझे कान दुखले. कापूस झोपलेला. पुन्हा फुंकली, पण या वेळी अर्धीच. मग शिट्टी तोंडातच राहिली त्यांच्या.

वखारवाले म्हणाले, "सर, मला राखणीला हवा होता." हळूच म्हणाले, चांगला माणूस आहे. आणि रिकामा टेम्पो घेऊन गेले. जाताना हॉर्न नाही वाजवला.

आत्या फुटलेल्या बशीचे तुकडे गोळा करत होती. तिच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. तीच म्हणाली, "म्हणजे मी हाक मारली ती त्याला..."

सोमवार, १८ मार्च

जनावरांच्या दवाखान्यात. डॉक्टरीणबाई बारीक चणीच्या, पण कापसाला एका हाताने टेबलावर चढवलं. कानात नळीतून दिवा टाकून पाहिलं. मळ नाही, सूज नाही, पडदा ठीक. मग मला म्हणाल्या त्याच्याशी खेळत राहा, आणि स्वतः मागे वेगवेगळे आवाज केले. खुळखुळा, डबा, पिपाणी. काही नाही.

विचारत होत्या, "झोपेतून उठवताना दचकतो? हाक मारली की भलतीकडेच बघतो? भुंकणं एकसुरी आहे? बाकीची कुत्री भुंकली तरी हा गप्प?"

हो. हो. हो. हो.

"आणि हे कधीपासून?"

बाबा म्हणाले, "पंधरा दिवसांपासून." मी म्हटलं, सुभेदार गेल्यापासून. त्यांनी मान वर केली. "हा सुभेदार कोण?"

सांगितलं. त्यांनी कापसाचा चेहरा दोन्ही हातांत धरला, त्याच्या एका निळ्या डोळ्याकडे बराच वेळ पाहिलं. या निळ्या डोळ्याचं आम्ही किती कौतुक करायचो! म्हणाल्या, मोठ्या दवाखान्यात एक तपासणी होते, ती करून घेऊ. अंदाज आहे, पण आत्ता सांगत नाही.

शनिवार, २३ मार्च

तपासणी झाली. त्याला थोडी गुंगी दिली, डोक्यावर कातडीखाली केसासारख्या बारीक सुया, कानात छोटा भोंगा. भोंग्यातून टिक टिक टिक. ऐकू येत असेल तर मेंदूपर्यंत खबर पोहोचते आणि पडद्यावरच्या रेषेला उंचवटे येतात. आधी दुसऱ्या एका कुत्र्याची रेषा दाखवली — डोंगरच डोंगर. मग कापसाची. डावा कान. उजवा कान.

सपाट. पट्टीने मारल्यासारखी.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "याचं ऐकणं बंद झालेलं नाही. ते कधी सुरूच झालं नव्हतं."

जन्मापासून! कातडीला, केसांना, डोळ्यांना रंग देणाऱ्या ज्या पेशी असतात त्या आतल्या कानातही लागतात म्हणे. काही पांढऱ्या कुत्र्यांत तिथे त्या नसतात, मग पिल्लू थोडं मोठं होईतो आतला कान निकामीच होतो. सगळीच पांढरी कुत्री बहिरी नसतात, हे त्यांनी दोनदा सांगितलं. पण आमचं हे आहे.

बाबा भांडायलाच उठले. "अहो, पाच वर्षं माझी शिट्टी..."

"तुमची शिट्टी सुभेदार ऐकत होता, सर. हा सुभेदारला बघत होता."

आम्ही घरी निघालो. मागच्या सीटवर कापूस गुंगीत घोरत होता. मला एकेक आठवत होतं. ढग गडगडले की सुभेदार पलंगाखाली आणि हा मजेत, आम्ही म्हणायचो, किती शूर! पाहुण्यांच्या गोंगाटात झोपायचा, म्हणायचो, किती शांत स्वभाव! त्याचं नाव ठेवताना आम्ही आठवडाभर भांडलो होतो. ते नाव त्याने कधी ऐकलंच नाही. आणि ना कानात कापूस, ना कापसाला कान!

हसू आलं आणि रडूही. बाबांनी गाडी घरासमोर लावली, पण उतरले नाहीत. म्हणाले, "म्हणजे त्याने माझा एकही हुकूम मोडला नाही. त्याला तो मिळालाच नव्हता."

मग खिशातली शिट्टी काढून गाडीच्या खणात टाकली.

रविवार, २४ मार्च

आत्याला फोनवर सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग, "तो सोफ्यावर कुठल्या बाजूला झोपतो? मी दुसऱ्या बाजूला बसेन."

मंगळवार, २६ मार्च

डॉक्टरीणबाईंच्या सूचना. समोरून जायचं. झोपेतून उठवायचं तर आधी नाकाशी हात, वास लागू द्यायचा, मग खांद्यावर हलकेच, आणि रोज त्याच जागी. बाहेर दोरीशिवाय अजिबात नाही. बोलायचं ते हातांनी. आणि सगळ्यात महत्त्वाचं — तो आपणहून आपल्याकडे वळून बघेल त्या प्रत्येक वेळी खाऊ. त्याला सवय लागली पाहिजे की अधूनमधून मागे वळून बघितलं तर फायदा असतो.

"हातांनी बोलायचं" म्हटल्यावर मी चिंतेत. कुठले हातवारे, कसे ठरवायचे, कसे लक्षात ठेवायचे?

बाबा ताठ बसले. "हातवारे?" म्हणाले. डोळ्यांत अशी चमक की मला भीतीच वाटली.

शनिवार, ३० मार्च

आमच्या अंगणात आता रोज सकाळी फुटबॉलची मॅच असते. खेळाडू एक, रेफरी एक, चेंडू नाही.

हात सरळ वर — ये. हे त्याला आधीपासूनच येत होतं! बाबा शिट्टी फुंकताना हात वर करायचेच, जन्माची सवय. तळवा पुढे — थांब. बोट जमिनीकडे — बस. अंगठा — शाब्बास. चप्पल चावली की पिवळं कार्ड! बाबांनी ट्रंकेतून खरंखुरं कार्ड शोधून काढलंय. पहिल्या दिवशी कापसाने ते कार्डच चावलं. बाबांनी ताबडतोब लाल दाखवलं. त्याने तेही चावलं.

मी पायऱ्यांवर बसून इतकी हसले की समोरचे काका पुन्हा बाहेर आले.

रविवार, ३१ मार्च

आत्या आली. कापूस सोफ्यावर झोपलेला. आम्ही दोघं श्वास रोखून. ती समोरून गेली, गुडघे दुखतात तरी खाली बसली, बिस्किटाचा तुकडा त्याच्या नाकाशी धरला. आधी नाक उठलं, मग एक डोळा, मग बाकीचं कुत्रं. तिने खांद्यावर दोन बोटं ठेवली. तो दचकला नाही. बिस्किट खाल्लं आणि तिच्या हाताची ती जागा चाटली. आता फक्त खूण राहिलीये तिथे.

"बरं, बरं, पुरे," आत्या म्हणाली. त्याला ऐकू जाणार नाही हे माहीत असूनही ती दिवसभर त्याच्याशीच बोलत होती. म्हणाली, "मधे बोलत नाही हा. घरात एक तरी शहाणा आहे."

शुक्रवार, ५ एप्रिल

पट्ट्याला घुंगरू बांधलं. त्याच्यासाठी नाही, आमच्यासाठी. घरात कुठे दडी मारून बसलाय कळत नव्हतं. पट्ट्यावर ठळक लिहून घेतलं, "मला ऐकू येत नाही." लॅबमध्ये आमचे दातांचे डॉक्टर म्हणाले, दातांच्या कामाला ठेवलीये आणि बोलते सतत कानांवर. म्हटलं, शेजारीच तर असतात दोन्ही!

कवळीवाले आजोबा आले होते. चौथी कवळी बसली. शिट्टी बंद. खूश होऊन मला दातांच्या दोन्ही रांगा दाखवून गेले.

शनिवार, १३ एप्रिल

आज जीव जायचा राहिला.

मैदानावर होतो. लांब दोरी बांधून, बाबा एका टोकाला. रोजच्यासारखं चाललं होतं, तो चार पावलं जायचा, वळून बघायचा, अंगठा, खाऊ. आणि दोरीची कडी निसटली. नेमका त्याच वेळी गवतातून एक पक्षी उडाला, आणि कापूस त्याच्यामागे, बाण सुटल्यासारखा. मैदान संपतं तिथे मोठा रस्ता!

मी ओरडले. पूर्ण ताकदीनिशी ओरडले, "कापूस!" माहीत असून ओरडले. घशातून दुसरं काही निघेचना. मी पळायला लागले तर बाबांनी माझा दंड धरला. "पळू नकोस. तू पाठलाग केलास तर त्याला खेळ वाटेल."

आणि स्वतः हात वर करून उभे राहिले. सरळ, कोपर न वाकवता. नुसते उभे. ओठ हलत होते त्यांचे. जवळ होते म्हणून मला ऐकू आलं: "वळ. वळ रे बाळा. एकदाच वळ."

बाबांनी मला कधी बाळा म्हटलेलं आठवत नाही!

पक्षी रस्ता ओलांडून गेला. कापूस कडेशी पोचला. पलीकडून ट्रक येत होता, त्याचा आवाज मला येत होता, बाबांना येत होता, त्याला नाही.

तो थांबला. आणि वळून बघितलं.

का बघितलं? सवय म्हणून, खाऊसाठी, की आम्ही आहोत ना हे बघायला — कोण जाणे. बाबांचा हात वर होता. तो मागे फिरून पळत आला, कान हवेत, जीभ बाहेर, पाऊण मैदान. बाबा खाली बसले ते गवतातच. खिशातला सगळा खाऊ त्याच्यापुढे ओतला. अंगठा दाखवत राहिले, दोन्ही हातांचे, थांबायलाच तयार नाहीत.

घरी येऊन नवीन कडी आणली. दोन आणल्या.

रविवार, १४ एप्रिल

काल मैदानावर काय झालं ते बाबा आत्याला हातवारे करून सांगत होते. आत्या म्हणाली, "मला ऐकू येतं रे!"

मंगळवार, २३ एप्रिल

काही विशेष नाही. कापसाला आता पिवळं कार्ड कळतं. बघतो, चप्पल सोडतो, आणि दुसरी उचलतो.

रविवार, २८ एप्रिल

आत्या रिक्षातून उतरली. काखेत एक तपकिरी कुत्री, म्हातारी, डोळे दुधासारखे. "हिला दिसत नाही. दवाखान्यात सोडून गेले कुणीतरी. माझ्या बिल्डिंगीत चालत नाहीत म्हणे कुत्री." कापूस तिला हुंगत होता. ती त्याच्या घुंगराकडे कान लावून उभी.

बाबांनी तळवा पुढे केला — थांब! आत्याने तो बाजूला केला आणि आत गेली.

मी तिची बॅग उचलायला गेले. उचलेचना.

"आत्या, आहे काय यात?"

"शिलाई मशीन. जपून आण."